कॅमेऱ्याला आत कुणी घेतलं?

प्रश्न असा आहे: सामाजिक, राजकीय आणि सांस्कृतिक विषयांवरचे देशोदेशीचे माहितीपट मी हल्ली आवडीने बघतो. अडचण अशी की बघताना प्रत्येक माहितीपट पटतो. मग त्याच विषयावरचा उलट बाजूचा पाहिला की तोही पटतो. विश्वास कशावर ठेवायचा हे कसं ठरवावं? आणि सुरुवात कुठल्या माहितीपटांपासून करावी?

मी बरीच वर्षं माहितीपटांचं संकलन करतो आहे. पटवून देणं हे आमच्या कामातलं सगळ्यांत सोपं काम. रडणारा चेहरा नेमक्या जागी ठेवला, त्याखाली एक संथ सूर सोडला आणि पुढच्याच कटला एखाद्या पुढाऱ्याचं हसणं आणलं, की प्रेक्षक आपल्या बाजूचा झालाच. ते हसणं त्याच दिवसाचं असेल असं मुळीच नाही. त्यामुळे दोन्ही बाजू पटल्या यात तुमचा काही दोष नाही. फक्त 'पटलं' ही कसोटी बाजूला ठेवायला हवी.

मी स्वतः बघताना एकच प्रश्न धरून बसतो: हा कॅमेरा इथे आत आला कसा? दार कुणी उघडलं, कशासाठी उघडलं, आणि ज्याच्यावर तो रोखला आहे त्या माणसाला आपलं पुढे काय होणार याची कितपत कल्पना होती? प्रत्येक माहितीपटाच्या मुळाशी कॅमेऱ्यामागच्या आणि कॅमेऱ्यापुढच्या माणसांमध्ये झालेला एक करार असतो. तो कधी कागदावर असतो, पुष्कळदा नुसताच समजुतीचा. तो करार ओळखता आला की माहितीपट किती विश्वासाचा आहे हे बऱ्यापैकी कळतं.

पहिलं उदाहरण अगदी जुनं घेतो. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' १९२२ साली आला. उत्तर कॅनडातल्या एका इनुइट शिकाऱ्याची आणि त्याच्या कुटुंबाची ती गोष्ट आहे. त्या शिकाऱ्याचं खरं नाव अलाकारियालाक. बर्फाच्या घरात चित्रणापुरता उजेड मिळेना, म्हणून एका बाजूने उघडं असलेलं घर बांधून आतली दृश्यं घेतली. शिकार भाल्याने करताना दाखवली, पण त्या काळी तिथले लोक बंदुका वापरत होते. 'सगळं बनावट' म्हणून या चित्रपटाला निकालात काढणारे पुष्कळ भेटतात. मला या दोन गोष्टी एका पारड्यात टाकता येत नाहीत. उघडं घर ही त्या वेळच्या कॅमेऱ्याची गरज होती. ते बांधणाऱ्यांनाही ती ठाऊक होती, आणि त्याने त्यांच्या जगण्याविषयी काही खोटं सांगितलं गेलं नाही. बंदूक लपवणं ही मात्र त्या माणसांच्या काळाविषयीची थाप आहे. व्यापार करणारी, नवी हत्यारं वापरणारी जिवंत माणसं त्यामुळे प्रेक्षकाला इतिहासाच्या बाहेरची वाटू लागली. दृश्य मांडून घेतलंय का, यापेक्षा ते मांडल्यामुळे कुणाविषयी काय खोटं ठरलं, हे विचारणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मांडून घेतलेल्या दृश्यांतून खरं बाहेर आल्याची उदाहरणं कमी नाहीत. एरॉल मॉरिस यांच्या 'द थिन ब्लू लाइन'मध्ये (१९८८) डॅलस शहरात १९७६ साली झालेल्या एका पोलिसाच्या खुनाचा प्रसंग पुन्हा पुन्हा अभिनीत करून दाखवला आहे. दर वेळी तो थोडा वेगळा आहे, कारण प्रत्येक वेळी तो वेगळ्या साक्षीवर बेतलेला आहे. 'असंच घडलं' असा दावा त्यातलं एकही दृश्य करत नाही. उलट साक्षी किती डळमळीत आहेत हे प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसतं. त्या खुनासाठी शिक्षा भोगत असलेले रँडल अॅडम्स १९८९ मध्ये सुटले. आणि पुढे त्याच अॅडम्स यांनी आपल्या आयुष्याच्या कथेच्या हक्कांवरून मॉरिस यांच्यावर दावा लावला. ज्याच्यामुळे सुटका झाली त्याच्यावर दावा, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. मला तो दावा समजू शकतो. माणूस तुरुंगातून सुटला तरी आपली गोष्ट दुसऱ्याच्या मालकीची झाली आहे असं त्याला वाटू शकतं. करार चित्रणाबरोबर संपत नाही, हे लक्षात ठेवावं.

जोशुआ ओपनहायमर यांचा 'द अॅक्ट ऑफ किलिंग' (२०१२) याहून पुढे जातो. इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या आरोपाखाली लाखो माणसं मारली गेली. मारणारे पुढे सत्तेच्या आसऱ्याने उजळ माथ्याने जगत राहिले. दिग्दर्शकाने त्यांनाच सांगितलं, तुम्ही जे केलं ते तुम्हाला हवं तसं सिनेमात करून दाखवा. त्यांनी गुंडपटांच्या, काउबॉयपटांच्या, गाण्यांच्या सिनेमांच्या थाटात ते करून दाखवलं. इथे दार मारेकऱ्यांनी उघडलं, आणि तेही फुशारकीने. कॅमेरा आपल्याला मोठं करायला आला आहे असं त्यांना वाटतं, आणि त्या समजुतीतूनच त्या समाजाची घडी उलगडत जाते: खुनी माणसं पाहुण्यांसमोर मिरवतात आणि मेलेल्यांचे नातेवाईक गप्प बसतात. श्रेयनामावली येईपर्यंत उठू नका. कितीतरी नावांच्या जागी 'अनामिक' असं लिहिलेलं आहे. तिथल्या स्थानिक सहकाऱ्यांना नाव देणं परवडणारं नव्हतं. एवढ्या वर्षांनीही भीती शिल्लक आहे, हे निवेदनातून सांगायची गरजच उरत नाही.

त्यालाच जोडून 'द लुक ऑफ सायलेन्स' (२०१४) बघा, आणि शक्य तर याच क्रमाने. त्यात आदी नावाचा चष्मे करून देणारा माणूस आपल्या भावाच्या मारेकऱ्यांकडे जातो. त्यांचे डोळे तपासतो आणि तपासता तपासता प्रश्न विचारतो. चित्रपट लोकांसमोर येण्याआधी त्याच्या कुटुंबाला देशाच्या दुसऱ्या भागात हलवण्याची व्यवस्था करावी लागली. 'समोरच्या माणसाचं पुढे काय होणार' हा प्रश्न असा प्रत्यक्षातला असतो. घर, शाळा, रोजगार, सगळ्याचा विचार करावा लागतो.

हा करार नेहमीच प्रामाणिक असायला हवा का? याचं उत्तर मी सरळ 'हो' असं देत नाही. क्लोद लांझमान यांचा 'शोआ' (१९८५) नऊ तासांहून मोठा आहे. ज्यूंच्या संहाराविषयीचा हा चित्रपट आहे, पण त्या काळातलं एकही जुनं दृश्य त्यात वापरलेलं नाही. चित्रणाच्या वेळी हयात असलेली माणसं आणि त्या वेळी तिथे असलेल्या जागा, एवढंच दिसतं. त्रेब्लिंका छावणीत काम केलेला फ्रान्झ झुखोमेल हा एसएस या नाझी दलाचा माणूस त्यात बोलतो. माझं नाव येऊ देऊ नका असं तो म्हणतो, लांझमान तसा शब्द देतात, आणि हे सगळं छुप्या कॅमेऱ्याने टिपलेलं आपण बघत असतो, नावासकट. दिलेला शब्द मोडला गेला आहे. पण तो मोडल्याचं प्रेक्षकापासून लपवलेलं नाही. लाखोंच्या हत्येच्या यंत्रणेत काम केलेल्या माणसाला दिलेला शब्द आणि पीडिताला दिलेला शब्द मी एकाच मापाने मोजणार नाही.

त्याच चित्रपटातला अब्राहम बोम्बा यांचा प्रसंग मला जास्त अस्वस्थ करतो. गॅस चेंबरमध्ये जाणाऱ्या बायकांचे केस कापण्याचं काम त्रेब्लिंकात त्यांच्याकडून करून घेतलं होतं. लांझमान यांनी त्यांना इस्रायलमधल्या एका सलूनमध्ये, हातात कात्री देऊन, केस कापता कापता बोलतं केलं. एका ठिकाणी त्यांचा आवाज बंद पडतो. पुढे बोलवत नाही असं ते सांगतात. लांझमान आग्रह सोडत नाहीत, कॅमेराही बंद होत नाही. बराच वेळ कुणीच बोलत नाही. संकलक म्हणून मी ही शांतता अनेकदा पाहिली आहे. ती कमी केली असती तर प्रसंग सुसह्य झाला असता आणि आपण त्यातून सुटलो असतो. ती पूर्ण ठेवल्यामुळे त्या माणसावरची जबरदस्तीही पूर्ण दिसते, दिग्दर्शकाचीसुद्धा. ते योग्य होतं का, यावर आमच्या क्षेत्रात अजूनही दोन मतं आहेत. मी ते ठेवलं असतं.

आता संकलनाच्या टेबलावर काय होतं ते थोडं सांगतो, कारण फसवणूक व्हायची असेल तर बहुतेक वेळा इथेच होते. 'हूप ड्रीम्स' (१९९४) हा शिकागोतल्या दोन कृष्णवर्णीय मुलांच्या बास्केटबॉलच्या स्वप्नाचा माहितीपट. त्यासाठी सुमारे २५० तासांचं चित्रण झालं होतं आणि चित्रपट तीन तासांच्या आत आहे. उत्तर मॅसिडोनियातल्या मधमाश्या पाळणाऱ्या बाईवरच्या 'हनीलँड'साठी (२०१९) चारशेहून जास्त तासांचं चित्रण झालं, हाती आला दीड तासाचा चित्रपट. म्हणजे तुम्ही जे बघता त्याच्या कितीतरी पट गोष्टी कुणीतरी गाळलेल्या असतात. हे अटळ आहे, त्यात गैर काही नाही. पण काही खुणा बघायची सवय लावून घ्या. मुलाखत देणारा माणूस वाक्य बोलतोय आणि मधेच चित्र त्याच्या हातांवर किंवा खिडकीबाहेर गेलं, तर तिथे बहुधा सांधा आहे. दोन वेगळी वाक्यं जोडून एक केलेली असू शकतात. ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवला, तर तो चेहरा त्याच वाक्याला दिलेली प्रतिक्रिया आहे का, हे बघा. दोघं एकाच चौकटीत कधीच आले नाहीत तर शंका घ्यायला जागा आहे.

आणि घटनांचा क्रम. मायकेल मूर यांच्या 'रॉजर अँड मी'मध्ये (१९८९) जनरल मोटर्सने कारखाने बंद केल्यावर फ्लिंट शहराची झालेली वाताहत आहे. त्यातल्या काही घटना प्रत्यक्षात घडल्या त्यापेक्षा वेगळ्या क्रमाने लावल्या आहेत, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला आणि तो बरोबर होता. ती वाताहत खोटी नव्हती, मूर यांचा संतापही खोटा नव्हता. पण 'आधी हे झालं म्हणून मग ते झालं' असं सांगताना आधी आणि मग यांची अदलाबदल केली तर कारणच बदलतं. राजकीय माहितीपट बघताना तारखा कागदावर टिपून ठेवा. पडद्यावर तारखा येतच नसतील तर तेही टिपा.

निवेदन नाही, मुलाखत नाही, वरून घातलेलं संगीत नाही, म्हणजे चित्रपट तटस्थ, असाही एक समज आहे. फ्रेडरिक वाइजमन यांच्या 'टिटिकट फॉलीज'मध्ये (१९६७) यातलं काहीच नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रिजवॉटर इथल्या मनोरुग्ण कैद्यांच्या संस्थेत तो चित्रित झाला. त्यात एका माणसाला नाकातून नळी घालून जबरदस्तीने अन्न भरवलं जातं, आणि त्या दृश्याच्या मधे मधे त्याच माणसाच्या मृतदेहाची दाढी करतानाची दृश्यं येतात. निवेदनाचा एक शब्दही नाही, तरी मत पूर्ण मांडून झालं. राज्याने रुग्णांच्या खासगीपणाचं कारण देऊन चित्रपटावर न्यायालयातून बंदी मिळवली. सर्वसामान्यांना तो बघायला मिळायला १९९१ उजाडलं. सरकारला स्वतःची अब्रू झाकायची होती, हे मला उघड वाटतं. पण म्हणून तो प्रश्न खोटा ठरत नाही. जो माणूस स्वतःच्या भल्याबुऱ्याचा निर्णय घेण्याच्या अवस्थेत नाही, त्याच्या वतीने कॅमेऱ्याला 'हो' कुणी म्हणायचं? वाइजमन यांच्या बाजूने मी आहे, पण हा प्रश्न मला सोडून देता आलेला नाही.

पैशाकडेही बघा. यावर फार लांबण लावत नाही, दोनच उदाहरणं देतो. 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' (१९३५) या ब्रिटिश माहितीपटात लंडनच्या गलिच्छ वस्तीतली माणसं स्वतःच्या तोंडाने, थेट कॅमेऱ्याकडे बघून आपलं जिणं सांगतात. त्या काळात हे फार मोठं पाऊल होतं. त्याचा खर्च गॅस कंपन्यांच्या संघटनेने केला होता. नवी घरं झाली की गॅसची विक्रीही वाढणार होती. फ्लाहर्टी यांच्याच 'लुइझियाना स्टोरी'चा (१९४८) खर्च स्टँडर्ड ऑइलने केला, आणि त्यात दलदलीत तेलविहीर खोदायला आलेले लोक किती सोज्ज्वळ आहेत ते बघून घ्या. पहिला माहितीपट पैशाच्या मालकापेक्षा मोठा झाला, दुसरा माझ्या मते झाला नाही. हल्ली एखाद्या खेळाडूवरच्या किंवा गायकावरच्या माहितीपटाच्या निर्मात्यांत त्या व्यक्तीचंच नाव दिसतं. तिथे कुठलाही अवघड प्रश्न विचारला गेला नाही तर नवल वाटून घेऊ नका.

विश्वासाच्या बाबतीत मला सगळ्यांत जड वाटणारी गोष्ट आहे वेळ. दिग्दर्शक तिथे किती काळ राहिला? जपानमध्ये मिनामाता इथे चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे माणसं अपंग झाली, मेली. नोरिआकी त्सुचिमोतो यांनी त्या कुटुंबांमध्ये राहून १९७१ चा माहितीपट केला आणि पुढेही वर्षानुवर्षं ते त्याच विषयाकडे परतत राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत शिरता यावं म्हणून पीडितांनी एकेक शेअर विकत घेतला आणि सभेत जाऊन अधिकाऱ्यांना जाब विचारला. तो प्रसंग बघताना कॅमेरा त्यांच्यातलाच एक झालेला जाणवतो. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) चौदा वर्षांत तयार झाला. १९९७ मध्ये मुंबईत रमाबाई आंबेडकर नगरमध्ये दलितांवर पोलिसांनी केलेला गोळीबार आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी केलेली आत्महत्या, इथून तो सुरू होतो. घोगरे यांचं गाणं पटवर्धन यांनी आधीच्या चित्रपटात टिपलेलं होतं. जुनी ओळख असल्याशिवाय असा चित्रपट होतच नाही. चार दिवस येऊन मुलाखती घेऊन गेलेल्या पथकाला लोक चार दिवसांपुरतंच सांगतात.

समोरच्या माणसांना चित्रपट कसा वाटला, हेही शोधून वाचा. फ्रान्समध्ये ज्याँ रूश आणि एदगार मोरँ यांनी 'क्रॉनिकल ऑफ अ समर'मध्ये (१९६१) हे चित्रपटातच घेतलं. पॅरिसमधल्या माणसांना 'तुम्ही सुखी आहात का?' असं विचारत सुरू झालेलं चित्रण शेवटी त्याच माणसांना दाखवलं, आणि त्यांचे आपापसांतले मतभेदही चित्रपटात ठेवले. कुणाला ते नाटकी वाटलं, कुणाला नको इतकं उघडं. अलीकडचं उदाहरण 'रायटिंग विथ फायर'चं (२०२१). ग्रामीण भागातल्या दलित महिला पत्रकारांच्या 'खबर लहरिया' या वृत्तसंस्थेवरचा हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. त्याच सुमारास संस्थेने जाहीर निवेदन काढून सांगितलं, की चित्रपट प्रभावी आहे, पण आमचं काम एकाच पक्षाच्या वार्तांकनाभोवती फिरतं असं त्यातून दिसतं आणि ते बरोबर नाही. यामुळे चित्रपट टाकाऊ ठरत नाही. पण तो बघितला असेल तर ते निवेदनही वाचायला हवं.

एक दार आतून उघडलेलं बघायचं असेल तर अलेक्झांडर नानाउ यांचा रोमानियातला 'कलेक्टिव्ह' (२०१९) चुकवू नका. २०१५ मध्ये बुखारेस्टच्या एका क्लबमध्ये आग लागली. त्या रात्री जितकी माणसं मेली त्याहून जास्त पुढे रुग्णालयांत दगावली. एका क्रीडा दैनिकाच्या पत्रकारांनी शोध घेतला तेव्हा कळलं, की रुग्णालयांतलं जंतुनाशकच पाणी घालून पातळ केलेलं होतं. अर्धा चित्रपट त्या पत्रकारांबरोबर आहे. मग नवा आरोग्यमंत्री येतो आणि कॅमेऱ्याला थेट मंत्रालयाच्या बैठकांत बसू देतो. सत्तेत बसलेल्या माणसाने आपली हतबलता इतकी उघडी दाखवू दिल्याचं मी क्वचित पाहिलं आहे.

दारच उघडता येत नसेल तेव्हा काय करतात, तेही बघण्यासारखं आहे. रिती पान्ह यांच्या कंबोडियाविषयीच्या 'द मिसिंग पिक्चर'मध्ये (२०१३) ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीतली न टिपलेली दृश्यं मातीच्या बाहुल्यांनी उभी केली आहेत. 'फ्ली'मध्ये (२०२१) अफगाणिस्तानातून पळालेल्या माणसाची ओळख झाकायला जवळजवळ सगळं रेखाटून दाखवलं आहे. दोन्हीकडे आपण काय बघतोय हे पहिल्या क्षणापासून स्पष्ट असतं. याच्या उलट, दिवंगत अमेरिकी शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेन यांच्यावरच्या 'रोडरनर'मध्ये (२०२१) त्यांनी लिहिलेली काही वाक्यं संगणकाने बनवलेल्या त्यांच्याच आवाजात ऐकवली आणि चित्रपटात कुठेही तसं सांगितलं नाही. वाक्यं त्यांचीच होती, तरी मला ते मान्य नाही. हे तंत्र आता सगळ्यांच्या हाती येतंय, म्हणून 'हे आम्ही बनवलं आहे' असं सांगितलंय का, हे कान उघडे ठेवून ऐका.

सुरुवात कुठून करावी? विषयवार याद्या मागे ठेवा, जोड्यांनी बघा. ओपनहायमर यांची जोडी वर सांगितलीच. अॅलाँ रेने यांचा अर्ध्या तासाचा 'नाइट अँड फॉग' (१९५६) आणि मग 'शोआ', कारण पहिला जुन्या दृश्यांवर उभा आहे आणि दुसऱ्याने ती पूर्ण नाकारली आहेत. 'शोआ' एका बैठकीत संपवायचा हट्ट करू नका, दोन-तीन दिवसांत विभागून बघा. पॅलेस्टिनी गावांविषयी '५ ब्रोकन कॅमेराज' (२०११) आणि 'नो अदर लँड' (२०२४). दोन्हींमध्ये कॅमेरा गावातल्याच माणसाच्या हाती आहे आणि दिग्दर्शनात इस्रायली सहकारी आहेत. तिथे करार कसा झाला असेल याचा विचार करत बघा.

आणि चिलीची जोडी. पात्रिसियो गुझमान यांनी तीन भागांच्या 'द बॅटल ऑफ चिली'चं चित्रण राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांच्या सरकारच्या शेवटच्या काळात केलं. कच्ची फिल्म फ्रान्सहून ख्रिस मार्कर यांनी पाठवली होती. सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर गुझमान यांना अटक झाली. रिळं देशाबाहेर गेली आणि संकलन क्यूबात झालं. छायालेखक होर्खे म्यूलर सिल्वा यांना १९७४ मध्ये उचललं गेलं, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. पहिल्या भागाच्या शेवटी अर्जेंटिनाच्या एका कॅमेरामनने टिपलेलं दृश्य आहे: सैनिक त्याच्याकडे वळतो, बंदूक रोखतो, गोळी झाडतो आणि चित्र कोलमडतं. हे तिन्ही भाग बघून झाल्यावर त्याच दिग्दर्शकाचा २०१० चा 'नॉस्टॅल्जिया फॉर द लाइट' लावा. आटाकामाच्या वाळवंटात खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीतून तारे बघतात आणि त्याच वाळवंटात बायका आपल्या नाहीशा केलेल्या माणसांची हाडं शोधतात. पहिल्यात निवेदक दूरचा, ठाम आहे. दुसऱ्यात गुझमान स्वतःच्या आवाजात, हळू बोलतात. दोन्ही आवाज लागोपाठ ऐका आणि कोणत्या ठिकाणी तुमचा विश्वास बसला ते लिहून ठेवा. पुढच्या माहितीपटाला बसाल तेव्हा ती नोंद उपयोगी पडेल.